लघुउद्योगांसाठी मनी लाँडरिंग प्रतिबंध व निर्बंध अनुपालन धोरण : दिघा व ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागले की नवी मुंबईचा पहिला टप्पा म्हणजे दिघा. एका अंगाला पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजेच टीटीसी, औद्योगिक क्षेत्र. १९६० च्या दशकात आकारास येऊ लागलेल्या या क्षेत्रात रसायने, औषधी द्रव्ये, यंत्रांचे सुटे भाग, पॅकिंगचे साहित्य असे नाना प्रकारचे उत्पादन करणारे कारखाने व गाळे आहेत. त्यांतील बहुसंख्य लहान वा मध्यम आकाराचे असून पुष्कळांचा माल थेट अथवा व्यापाऱ्यामार्फत परदेशी जातो.

अशा एखाद्या निर्यातदार लघुउद्योजकाकडे परदेशी ग्राहक किंवा बँक एक प्रश्नावली पाठवते. ‘आपले मनी लाँडरिंग प्रतिबंध व निर्बंध अनुपालन धोरण सोबत जोडावे’ हा तीतील एक रकाना असतो. उद्योजक तो कागद हिशेबनिसाकडे देतो, हिशेबनीस संगणकावर एखाद्या बँकेचे वा परदेशी कंपनीचे धोरण शोधतो, नाव बदलतो आणि पाठवून देतो. त्यातली पंचवीस पाने पुढे कोणी वाचत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या प्रथेवर आहे. बँकेच्या धोरणाची नक्कल लघुउद्योगाला निरुपयोगी तर असतेच, पण ती धोकादायकही असते. कारण जे आपण करीत नाही ते करतो असे तीत सहीनिशी लिहून दिलेले असते. लघुउद्योगाचे धोरण त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या वाटांवरून कसे घडवावे, हे येथे पाहावयाचे आहे.

कायदा कोणावर कोणते कर्तव्य टाकतो

गुन्ह्यातून आलेला पैसा वैध उत्पन्नाच्या रूपात समोर आणणे म्हणजे मनी लाँडरिंग. पाठ्यपुस्तकात याचे तीन टप्पे सांगतात : पैसा व्यवस्थेत शिरवणे, व्यवहारांचे थर चढवून त्याचा माग पुसणे आणि शेवटी तो मालमत्तेच्या वा व्यवसायाच्या रूपात परत आणणे. लघुउद्योगाचा संबंध बहुधा मधल्या टप्प्याशी येतो. माल न हलवता फाडलेले बिल, किमतीपेक्षा चढे वा उतरते बीजक, एकाने माल घेणे आणि दुसऱ्यानेच पैसे भरणे ही त्या टप्प्याची नेहमीची साधने होत.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ साली संमत झाला व १ जुलै २००५ पासून अमलात आला. या कायद्याच्या दोन बाजू आहेत आणि त्यांची गल्लत हेच नक्कल केलेल्या धोरणांचे मूळ आहे. पहिली बाजू गुन्ह्याची. कलम ३ कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. गुन्ह्यातील धन लपवणे, ताब्यात ठेवणे, मिळवणे, वापरणे यांपैकी एकही कृती पुरेशी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी प्रकरणातील निकालात स्पष्ट केले. शिक्षा किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सात वर्षांचा सश्रम कारावास. त्याशिवाय सक्तवसुली संचालनालयाला मालमत्ता प्रथम १८० दिवसांपर्यंत तात्पुरती जप्त करता येते.

दुसरी बाजू कळवण्याच्या कर्तव्याची. ग्राहकाची ओळख पटवणे, नोंदी ठेवणे, १० लाख रुपयांवरील रोख व्यवहार व संशयास्पद व्यवहार भारतीय वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणे, ही कर्तव्ये फक्त ‘अहवाल देणाऱ्या संस्थां’ची आहेत. त्यांत बँका, वित्तसंस्था व भांडवल बाजारातील मध्यस्थ येतात. २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनांनी मौल्यवान धातू-रत्नांचे व्यापारी (१० लाख वा अधिक रकमेचे रोख व्यवहार करणारे) आणि वार्षिक २० लाख वा अधिक उलाढालीचे मालमत्ता दलाल त्यांत आले. २०२३ च्या मार्च महिन्यात आभासी चलनाचे व्यवहार करणारे आले, आणि मे महिन्यात, ग्राहकाच्या वतीने ठरावीक आर्थिक व्यवहार करणारे सनदी लेखापाल, कंपनी सचिव व परिव्यय लेखापाल.

दिघ्यातील व्हॉल्व्हचा किंवा रंगद्रव्यांचा कारखाना या यादीत नाही. त्याने आपल्या धोरणात ‘आम्ही संशयास्पद व्यवहारांचा अहवाल गुप्तवार्ता विभागाकडे दाखल करतो’ असे लिहिले तर ते असत्य ठरते, कारण तो त्या विभागाकडे नोंदलेलाच नसतो. त्याने लिहावयाचे ते इतकेच : शंका आल्यास व्यवहार थांबवू आणि आपल्या बँकेला लेखी कळवू. परदेशी नमुन्यांतून आलेली अधिकारपदांची नावेही अशीच अस्थानी असतात. आपल्या कायद्यात ‘प्रधान अधिकारी’ व ‘नामनिर्देशित संचालक’ ही पदे आहेत आणि तीही अहवाल देणाऱ्या संस्थांपुरती.

मग बिगर-अहवाल संस्थेने धोरण करावेच कशाला? याचे उत्तर कलम ७० मध्ये आहे. कंपनीच्या हातून या कायद्याचा भंग झाल्यास त्या वेळी कारभार पाहणारी प्रत्येक व्यक्ती दोषी मानली जाते. भंग आपल्या नकळत झाला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व दक्षता घेतली होती, हे तिने सिद्ध केले तर ती सुटते. भागीदारी संस्थाही येथे ‘कंपनी’च्या व्याख्येत येते. सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे, आणि दक्षता सिद्ध होते ती त्या वेळच्या नोंदींनी, मागाहून दिलेल्या तोंडी खुलाशाने नव्हे.

स्थानिक अनुभव : इमारती आणि खाती

दिघ्याचे नाव वृत्तपत्रांत गाजले ते कारखान्यांमुळे नव्हे. औद्योगिक महामंडळ, सिडको व शासन यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाई करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आणि पैसे मोजून घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली. ती चर्चा अतिक्रमण व पुनर्वसन यांभोवती फिरली. पैशाच्या वाटेचा विचार पुढे दुसरीकडे झाला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी आरक्षित जागेवर बांधलेल्या ४१ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला, त्या २०२५ च्या आरंभी पाडल्या गेल्या आणि त्याच वर्षी सक्तवसुली संचालनालयाने मनी लाँडरिंग कायद्याखाली झडत्या घेतल्या. फसवणूक व बनावट दस्तऐवज हे त्या कायद्याच्या अनुसूचीतील गुन्हे असल्याने खोट्या परवानगीवर विकलेल्या सदनिकेचा पैसा ‘गुन्ह्यातील धन’ ठरू शकतो. तो पैसा पुढे सिमेंट-सळईच्या व्यापाऱ्याकडे, लिफ्ट बसवणाऱ्याकडे, गाळा विकणाऱ्याकडे जातो. पुरवठादाराने प्रामाणिकपणे माल दिला असेल तर त्याचा बचाव भक्कम असतो, पण तो मांडायला त्याच्याकडे चलन, ई-वे बिल व बँकेतून आलेली रक्कम यांचा मेळ हवा. रोखीने अर्धे व धनादेशाने अर्धे घेतलेल्याला तो मांडता येत नाही.

अलीकडे याहून अधिक जणांना बसणारा फटका म्हणजे खाते गोठणे. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदली गेली की चोरीची रक्कम ज्या ज्या खात्यांतून गेली त्यांवर रोख लावण्याची प्रक्रिया सुरू होते. त्या साखळीत चौथ्या-पाचव्या हाताला एखाद्या कारखान्याचे खाते असू शकते : त्याने माल विकलेला, आणि ग्राहकाने पैसे भलत्याच खात्यातून भरलेले. तक्रार दुसऱ्या राज्यातली, तपास अधिकारी तिथला आणि महिन्याची सात तारीख तोंडावर आलेली. ज्याच्या हातून काही गुन्हा झालेला नाही त्याच्या कामगारांचा पगार यात अडकतो. लघुउद्योगाच्या दृष्टीने जोखीम म्हणतात ती ही.

निर्बंध : तीन वेगवेगळे थर

निर्बंधांच्या बाबतीत शिकवतानाही एक गोंधळ होतो. सर्व याद्या एकाच मापाने मोजल्या जातात. भारतात बंधनकारक आहेत ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध. दहशतवादाशी संबंधित यादी बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या कलम ५१अ नुसार, तर सामूहिक संहाराच्या शस्त्रांच्या प्रसाराशी संबंधित निर्बंध २००५ च्या कायद्यात २०२२ साली घातलेल्या कलम १२अ नुसार अमलात येतात. हे प्रत्येकाला लागू आहे. येथे अहवाल संस्था असण्या-नसण्याचा प्रश्न नाही.

दुसरा थर मालाचा. परकीय व्यापार महासंचालनालयाची ‘स्कोमेट’ यादी दुहेरी वापराच्या वस्तूंची आहे. त्यांच्या निर्यातीसाठी परवाना लागतो. ठाणे-बेलापूर पट्ट्याला ही यादी परकी नाही. थायोनिल क्लोराइड औषधनिर्मितीत लागते, ट्रायइथॅनॉलअमाइन सौंदर्यप्रसाधनांत. दोन्हींचा उल्लेख रासायनिक शस्त्रास्त्र कराराच्या अनुसूचीत आहे. गंजरोधक मिश्रधातूचे किंवा फ्ल्युरोपॉलिमरचे अस्तर असलेले विशिष्ट व्हॉल्व्ह, पंप व रिअ‍ॅक्टरही स्कोमेटमध्ये येतात. कारखानदार ग्राहकाचे नाव तपासतो आणि स्वतःचा माल तपासायला विसरतो, असे घडू शकते.

तिसरा थर अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन यांच्या एकतर्फी निर्बंधांचा. भारत ते मान्य करीत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाला मालपुरवठा केल्यावरून अमेरिकेने काही भारतीय कंपन्यांची नावे यादीत घातली, तेव्हा त्या व्यवहारांत भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही अशी भूमिका परराष्ट्र मंत्रालयाने घेतली. इराणी पेट्रोरसायनांच्या व्यापारावरून ३० जुलै २०२५ रोजी पुन्हा सहा भारतीय कंपन्यांवर अमेरिकी निर्बंध आले. कायद्याने लागू नसलेले हे निर्बंध व्यवहारात लागू होतात, कारण डॉलरमधील रक्कम न्यूयॉर्कच्या बँकेतून वळते आणि तिथे ती अडते. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या संगणकीय सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली व सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीलाही ई-मेल बंद पडण्याचा अनुभव आला, हे लक्षात घ्यावे.

म्हणून धोरणात तिन्ही थर वेगळे लिहावेत. पहिल्या दोहोंबाबत ‘करणार नाही’, तिसऱ्याबाबत ‘जोखीम पाहून, बँकेशी बोलून ठरवू’. ग्राहकाच्या करारात जगातील कोणत्याही देशाचे सर्व निर्बंध पाळण्याची बिनशर्त हमी मागितलेली असते. ती डोळे मिटून देऊ नये. लागू असलेले निर्बंध व व्यवहाराच्या चलनाशी संबंधित निर्बंध एवढ्यापुरती ती मर्यादित करून घ्यावी.

धोरणाची घडण : एका ऑर्डरचा प्रवास

एक कल्पित, पण या पट्ट्यात सहज संभवणारे उदाहरण घेऊ. दिघ्यातील एका गाळ्यात स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह बनवणारी भागीदारी संस्था आहे. बावीस कामगार, दोन भागीदार, एक हिशेबनीस. दुबईतील एका नव्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर येते. भाव घासाघीस न करता मान्य होतो. तीस टक्के आगाऊ रक्कम येते, ती हाँगकाँगमधील तिसऱ्याच कंपनीकडून. माल जेबेल अली बंदरात उतरवायचा आहे. आठवड्याने निरोप येतो की व्हॉल्व्हवर कारखान्याचे चिन्ह कोरू नका.

यांतील एकही गोष्ट गुन्हा नाही. व्यापारी नवा असू शकतो, समूहातील कंपनी पैसे भरू शकते आणि स्वतःच्या नावाने माल विकणारेही चिन्ह नको म्हणतात. चारही एकत्र आल्यावर मात्र थांबायला हवे. कोणी आणि किती वेळ थांबायचे, हे आधी लिहून ठेवणे हेच धोरण.

पहिली पायरी ओळखीची. व्यापाऱ्याचा परवाना, संचालकांची नावे आणि त्यांच्यामागचा खरा मालक मागावा. अहवाल संस्थांसाठी कंपनीच्या अंतिम लाभार्थी मालकाची मर्यादा मार्च २०२३ मध्ये २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली गेली. कारखान्याला ती बंधनकारक नसली तरी आपली बँक तेच विचारणार असल्याने तीच वापरणे सोयीचे. अमेरिकी नियमानुसार यादीतील व्यक्तींची मालकी एकत्रितपणे ५० टक्के वा अधिक असलेली कंपनी स्वतः यादीत नसली तरी निर्बंधित धरली जाते. तेव्हा केवळ कंपनीचे नाव शोधून भागत नाही.

नावांची तपासणी हा कंटाळवाणा, पण चुकांचा भाग. राष्ट्रसंघाच्या यादीत २००३ पासून असलेल्या दाऊद इब्राहिमचे उदाहरण घ्या : नोंदीत त्याची अनेक पर्यायी नावे व रोमन लिपीतील निरनिराळी वर्णलेखने आहेत. उलटपक्षी एकच सर्वसामान्य नाव हजारोंचे असते. म्हणून नाव जुळले की लगेच नकार नव्हे. जन्मतारीख, पारपत्र, पत्ता यांच्याशी पडताळून जुळते किंवा जुळत नाही असा शेरा तारखेसह लिहावा. एखाद्या समाजाच्या नावांना सरसकट नकार देणे अन्याय्य आहे, आणि दक्षता म्हणून ते टिकणारही नाही. तपासणी ऑर्डरच्या वेळी व माल निघताना अशी दोनदा करावी, याद्या मध्यंतरी बदलतात. जहाजाचे नाव बदलता येते, त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक बदलत नाही. तो बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यावरून तपासावा.

दुसरी पायरी मालाची व अंतिम वापराची. हा व्हॉल्व्ह स्कोमेटच्या वर्णनात बसतो का, हे हिशेबनीस सांगू शकणार नाही. धातू व अस्तर ज्याला ठाऊक आहे त्या उत्पादन पाहणाऱ्या भागीदाराने ते लिहून द्यावे. अंतिम वापरकर्ता कोण, माल कोणत्या देशात बसणार, याचे प्रमाणपत्र व्यापाऱ्याकडून घ्यावे.

तिसरी पायरी पैशाची, आणि लहान कारखान्यासाठी हीच सर्वांत मोलाची. बीजक ज्याच्या नावे, रक्कम त्याच्याच खात्यातून, हा एक नियम नीट पाळला तर वर सांगितलेल्या संकटांपैकी बरीचशी दारातच अडतात. निर्यातीत त्रयस्थाकडून रक्कम स्वीकारण्यास रिझर्व्ह बँकेच्या अटींवर वाव आहे. पण कारण आधी लेखी घ्यावे आणि बँकेला आधी दाखवावे. व्यवहार मोडला तर आगाऊ रक्कम बँकेच्या सल्ल्याने, आली त्याच खात्यात परत जावी. ‘ही रक्कम आमच्या दुसऱ्या कंपनीला पाठवा’ अशी विनंती म्हणजे थर चढवण्याचे अगदी शाळकरी रूप होय, तरी सद्भावनेने ती मान्य करणारे असतात. देशांतर्गत व्यवहारात भंगार व सुट्या विक्रीच्या रोखीकडे लक्ष हवे. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्यानेच मनाई आहे. बिल एकाचे आणि माल दुसऱ्याकडून अशी खरेदीही याच सदरात येते. वस्तू व सेवा कराच्या जाळ्यातील माहिती जुलै २०२३ पासून मनी लाँडरिंग कायद्याखाली तपास यंत्रणांना देता-घेता येते, याची जाणीव अनेक हिशेबनिसांना नाही.

गाळ्याच्या पत्त्याबद्दलही एक वाक्य धोरणात असावे. ओळखीतल्या कोणाला कंपनी नोंदवायला आपला पत्ता ‘नुसता वापरू देणे’ ही आपल्याकडे सौजन्याची गोष्ट समजली जाते. भाडेकरार नाही, माणूस नाही, माल नाही, फक्त दारावर पाटी, अशी कंपनी उद्या बोगस बिलांच्या प्रकरणात निघाली तर झडती त्या पत्त्यावर येते.

नोंदी आणि निर्णय कोणाचा

कागद किती वर्षे जपावेत? मनी लाँडरिंग कायदा अहवाल संस्थांना पाच वर्षे सांगतो, वस्तू व सेवा कर कायदा वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने, कंपनी कायदा आठ आर्थिक वर्षे. तीन हिशेब ठेवण्यापेक्षा सर्वांना आठ वर्षे लावावीत.

अवघड प्रश्न निर्णयाचा. मोठ्या कंपनीत विक्री विभाग वेगळा, अनुपालन विभाग वेगळा. येथे ऑर्डर आणणारा भागीदार तोच आणि ती तपासणाराही तोच. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत धोरणे, लेखापरीक्षण, नियामक सारे असूनही एका विकासक समूहाची थकीत कर्जखाती २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड दडवली गेली आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी ठेवीदारांना प्रथम केवळ १००० रुपये काढण्याची मुभा उरली. ज्याचे हित गुंतले आहे त्याच्याच हाती तपासणी असली की कागदावरचे धोरण काय कामाचे, ते त्या ठेवीदारांना विचारावे. लघुउद्योगाला वेगळा विभाग परवडत नाही. पण ऑर्डर आणणाऱ्या भागीदाराव्यतिरिक्त दुसऱ्याची सही हवी, आणि हिशेबनिसाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार लेखी हवा, एवढे परवडते. नोकरीवर गदा येईल या भीतीने जो बोलणार नाही त्याला प्रशिक्षण देऊन उपयोग नाही.

असे सर्व लिहिले तरी धोरण चार पानांपलीकडे जात नाही. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. या परिसरातील आपले अनेक पदवीधर याच गाळ्यांत हिशेबनीस म्हणून रुजू होतात. मनी लाँडरिंगचे तीन टप्पे त्यांना पाठ असतात, बिल ऑफ लेडिंग त्यांनी पाहिलेले नसते. नावे झाकलेली एक निर्यात फाइल वर्गात आणून, ऑर्डरपासून रक्कम जमा होईपर्यंत प्रत्येक कागदावर कोण, काय, कोणाकडून हे तीन प्रश्न विचारायला लावले तर एका तासिकेत पुष्कळ साधते.

धोरणाच्या शेवटच्या पानावर नाकारलेल्या व्यवहारांची नोंदवही असावी : तारीख, ग्राहक, कारण, बँकेला कळवले का. वर्षअखेरीस ती कोरी असेल तर एकतर व्यवहार फार स्वच्छ आहेत किंवा धोरण कपाटात आहे. कोणते, ते दोघा भागीदारांनी मिळून पाहावे. या नोंदवहीची किंमतही प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुबईची ती ऑर्डर नाकारली तर दोन प्लॉट सोडून असलेला दुसरा कारखाना ती घेईल, आणि त्याला त्या वर्षी काही होणारही नाही. या एका कारखान्याचे धोरण त्यावर उपाय करू शकत नाही. तेथे औद्योगिक संघटनांनी सभासदांसाठी समान किमान नियम ठरवणे आणि बँकेने शंका लेखी कळवणाऱ्या ग्राहकाचेच खाते संशयित न मानणे, या दोन गोष्टी लागतात.